माथेरान कुणी शोधलं?



आमच्या विठ्ठलवाडी स्टेशनच्या पुलावर उभं राहिलं, की पाऊस ओसरल्यावरच्या दिवसांत समोर मलंगगड दिसतो. एरवी धुरात आणि इमारतींत तो हरवलेला असतो. पण भाद्रपदातल्या एखाद्या सकाळी आभाळ धुतलेलं असलं, की तो असा जवळ येतो, जणू हात लांबवला की लागेल. तिथून कर्जतची लोकल धरा आणि उजव्या बाजूची खिडकी पकडा. अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, शेलू अशी गाडी पुढं जाते, तसे डोंगर एकामागून एक येत जातात. मलंगगडाच्या पुढं तावली, मग नवरा-नवरीचे सुळके, चंदेरी, म्हैसमाळ, नाखिंद, पेब आणि शेवटी सपाट माथ्याचं माथेरान. ही सगळी एकच रांग आहे. एका टोकाला आपला मलंगगड, दुसऱ्या टोकाला माथेरान.

याच लोकलमध्ये उलट्या दिशेनं पहाटे बाया येतात, तुम्ही बघितल्या असतील. वांगणी-नेरळकडून कल्याणला. मृगाच्या सुमारास त्यांच्या पाट्यांत शेवळं असतात, त्याच्या आधी करवंदं, जांभळं, पावसात टाकळा आणि कुठल्या कुठल्या रानभाज्या. दारापाशी पाटी टेकवून बसतात. त्या सगळ्या वस्तू कुठून येतात? याच डोंगरांच्या अंगावरून. आज मला बोलायचंय ते या डोंगरांच्या वाटांबद्दल. सुट्टीच्या दिवशी पाठीवर पिशव्या, पायात जाड बूट घालून पोरं-पोरी या वाटांनी माथ्यावर जातात. चांगली गोष्ट आहे, जावंच. पण ती वाट आधी कुणी पाडली, हे विचारायला पाहिजे.

शाळेत असताना एक प्रश्न हमखास यायचा. माथेरानचा शोध कोणी लावला? उत्तर पाठ होतं: ठाण्याचा कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट यानं, मे १८५० मध्ये. एक गुण मिळायचा. मीही तो घेतलाय. घरी येऊन आजीला सांगितलं, तर ती म्हणाली, ‘शोध? हरवलं होतं का?’ मी तेव्हा हसले होते. आता वाटतं, तिचा प्रश्न माझ्या उत्तरापेक्षा शहाणा होता.

तर हे मॅलेटसाहेब. त्या वेळी ठाणे जिल्हा मोठा होता, कर्जत-नेरळही त्यातच. उन्हाळ्याचे दिवस. साहेबाचा मुक्काम चौक गावाला होता. चौक म्हणजे डोंगराच्या दक्षिणेकडचं, पनवेल-खालापूरच्या बाजूचं गाव. मे महिन्यात कोकणपट्टीत काय उकडतं ते मी तुम्हाला सांगायला नको. साहेब संध्याकाळी फिरायला म्हणून डोंगर चढू लागला. अर्ध्यावर गेल्यावर त्याला हवा बदललेली जाणवली, झाडी दिसली, आणि पुढं बघायलाच हवं असं वाटलं. मग तो पुन्हा तयारीनं चढला आणि आज जिला वन ट्री हिल म्हणतात त्या बाजूच्या घळीतून माथ्यावर पोचला. वाट दाखवायला चौकचा पाटील बरोबर होता असं सांगतात.

इथं थांबा. वाट दाखवायला माणूस बरोबर होता, म्हणजे वाट होती. आणि वाट होती म्हणजे तिच्यावरून कुणीतरी रोज जात होतं. वाट काही एकदा चालून पडत नाही. शेतातली पायवाटसुद्धा एका पावसाळ्यात ये-जा बंद झाली की गवतात बुजते. डोंगरावरची तर दोन महिन्यांत जाते. ती टिकते कारण पाय पडत राहतात. माथेरानच्या अंगाखांद्यावर ठाकर, कातकरी आणि धनगर राहत होते. आजही आहेत. जुम्मापट्टी, बेकरेवाडी, आसलवाडी, नाण्याचा माळ, हाशाची पट्टी ही सगळी त्यांची वस्ती. लाकूडफाटा, गवत, मध, कंद, हिरडा, गुरांचं दूध यांसाठी त्यांचं खालीवर चाललेलंच असायचं. घर उभं करायचं तर कारवी लागते. कारवीच्या काठ्या उभ्या करून वरून शेणमातीनं लिंपायचं, तो आपला कूड. ती कारवी चढावरच वाढते. म्हणजे घराच्या भिंतीसुद्धा डोंगरावरून डोक्यावर उतरवलेल्या.

आणि ही डोक्यावरची कामं कुणाची होती हे मी वेगळं सांगायला नको. मोळी बाईची, पाणी बाईचं, बाजाराची पाटी बाईची. पुरुषानं झाड तोडलं असेल, खाली आणलं ते बहुतेक तिनंच. या वाटांची वळणं बघा कधी नीट. जिथं दम लागतो बरोबर तिथं एखादा सपाट दगड असतो, कमरेच्या उंचीचा. ट्रेकिंगला आलेली मंडळी त्यावर बसून फोटो काढतात. पण बऱ्याचदा तो दगड बसण्यासाठी नसतो. डोक्यावरचं ओझं खाली न वाकता टेकवता यावं आणि परत एकटीला उचलता यावं, इतक्याच उंचीचा तो असतो. माझ्या आईच्या माहेरी असा एक होता. त्याच्यापाशी पोचलं की बाया म्हणायच्या, ‘चला, निम्मं झालं.’

मॅलेटनं वर घर बांधलं. पाठोपाठ मुंबईचे आणखी साहेब आले. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यानं जागेत लक्ष घातलं, रस्ते आखले गेले आणि गिरिस्थान वसलं. १८५६ मध्ये रेल्वे नेरळवरून खोपोलीपर्यंत पोचली आणि मुंबईहून नेरळ जवळ आलं. नेरळपासून वर मात्र घोडा, तट्टू, पालखी, नाहीतर पाय. पालखीत बसणारा एक आणि ती वाहणारे चार, सहा, आठ. त्यांचं सामान वाहणारे आणखी. खालच्या वाड्यांतली माणसं हमाल झाली. जो डोंगर त्यांचं घर होता, तो त्यांच्या मजुरीची जागा झाला.

मग १९०७ मध्ये ती आपली छोटी गाडी आली. आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ती बांधवली. सोळा लाख रुपये खर्च त्या काळी, रूळ जेमतेम दोन फूट रुंदीचे आणि नेरळ ते माथेरान वीस-एकवीस किलोमीटरचा नागमोडी चढ. अब्दुल हुसेन यांना एकदा नेरळहून वर जायला जागा मिळाली नाही म्हणून त्यांनी रेल्वे बांधायचं ठरवलं, अशी गोष्ट सांगतात. खरी असो नसो, मला आवडते. गाडी अजून आहे. २६ जुलै २००५ च्या त्या पावसात तिचे रूळ वाहून गेले होते, तो दिवस तर आपण उल्हासनगर-बदलापूरकर जन्मात विसरणार नाही. २००७ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. त्यानंतरही पाऊस तिला अधूनमधून थांबवतोच.

आता नावांची गंमत सांगते. माथेरान हे नाव आपलं, माथ्यावरचं रान. पण वर गेलं की पाट्या कसल्या? अलेक्झांडर पॉइंट, किंग जॉर्ज पॉइंट, पॅनोरमा, एको, पॉर्क्युपाइन. बायकांची नावंही आहेत. लुइझा पॉइंट आहे, शार्लट लेक आहे. दोन्ही नावं साहेबांच्या घरच्या बायकांना शोभणारी. शार्लट लेक म्हणजे गावाला पाणी देणारा तलाव, काठावर पिसारनाथाचं देऊळ आहे. त्या तलावावरून हंडा भरून आणणाऱ्या कुणा बाईचं नाव डोंगरावर कुठं नाही.

सगळीकडे असंच झालंय का? नाही. अकोले तालुक्यात, नगर-नाशिकच्या सीमेवर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर आहे. १६४६ मीटर. त्याचं नाव कळसूबाई. आणि तिची गोष्ट काय सांगतात ठाऊक आहे? ही कळसू दुसऱ्याच्या घरी कामाला राहिलेली कोळ्याची पोर. राहताना तिची अट होती, भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही, बाकी काय सांगाल ते करीन. एक दिवस घरात पाहुणे आले, कामाची गर्दी झाली आणि मालकानं तिला नेमकं तेच करायला लावलं. तिनं भांडी घासली, केर काढला आणि डोंगर चढून निघून गेली, परत आलीच नाही. जिथं तिनं भांडी घासली ती जागा थाळेमेळ आणि जिथं केर टाकला ती कचरमेळ. नावं अजून चालतात. माथ्यावर तिचं छोटं देऊळ आहे, नवरात्रात जत्रा भरते. गोष्ट आहे, इतिहास नाही, कबूल. पण राज्यातल्या सगळ्यात उंच जागेवर लोकांनी राजा बसवला नाही, किल्लेदार बसवला नाही, शब्द मोडला म्हणून काम सोडून गेलेली मोलकरीण बसवली. रायगडावरची हिरकणीही तशीच. दूध विकायला वर गेली, दरवाजे बंद झाले आणि घरी तान्हं मूल म्हणून कडा उतरून आली. लोक ज्यांची आठवण ठेवतात त्या बाया डोंगरावर कामाला गेलेल्या असतात, बघायला गेलेल्या नसतात.

आपल्या मलंगगडाकडे येऊ. खालच्या बाजूला पीरमाची, जिथं पायऱ्यांनी लोक दर्शनाला जातात. हिंदूही जातात, मुसलमानही जातात, माघी पौर्णिमेला मोठी यात्रा भरते. त्याच्या वर सोनेमाची आणि सगळ्यात वर बालेकिल्ला, तिथं कातळात खोदलेली पाण्याची टाकी. बालेकिल्ल्याकडची वाट भयंकर आहे. एके ठिकाणी तर वाट तुटलेली आहे, दरीवरून नळीवर पाय ठेवून जावं लागतं. दोर आणि जाणता माणूस असल्याशिवाय तिकडं कुणी जाऊ नये, पोरांनाही जाऊ देऊ नये. एवढं ठणकावून सांगते.

तर १७८० मध्ये इंग्रजांचा कॅप्टन अ‍ॅबिंग्टन या गडावर चालून आला. इंग्रज-मराठ्यांची पहिली लढाई चालू होती. त्याला खालची माची मिळाली. पण मराठ्यांची शिबंदी वर बालेकिल्ल्यात सरकली आणि तिथून हलेना. अ‍ॅबिंग्टननं ठरवलं, यांना वेढून बसू. तो बसला, पण मागून मराठ्यांच्या फौजेनं त्याचीच कल्याणकडची वाट तोडली. वेढा घालणारा स्वतःच वेढ्यात! वरचे हलत नाहीत, खालून रसद येत नाही. शेवटी कर्नल हार्टले फौज घेऊन आला, तेव्हा त्याची सुटका झाली. बालेकिल्ला काही त्याला मिळाला नाही. पुस्तकांत हा इतिहास तोफा आणि कॅप्टनांच्या नावांनी लिहितात. पण कोण टिकलं आणि कोण अडकलं हे ठरवलं दोन गोष्टींनी: वर टाक्यात पाणी किती आणि कोठारात दाणा किती. आपल्या घरात हाच हिशेब रोज कोण करतं?

दाण्यावरून आठवलं. माथेराननं देशाला एक माणूस दिला, त्याची गोष्ट आपल्या बचत गटांत सांगायलाच हवी. भाई कोतवाल, विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. जन्म माथेरानचा, १ डिसेंबर १९१२. नाभिकाच्या घरात. म्हणजे वर येणाऱ्या बड्या लोकांची सेवा करणाऱ्या घरात, ते हवा खात असताना त्यांच्या दाढ्या करणाऱ्या घरात. पोरगा शिकला, वकील झाला. शहरात बसून पैसा करता आला असता. तो परत माथेरानला आला, तिथल्या नगरपालिकेत उपाध्यक्ष झाला, शाळा काढल्या. आणि खाली नेरळ-कर्जतच्या गावांत त्यानं धान्याच्या कोठ्या सुरू केल्या. पावसाळ्याच्या तोंडाला घरातलं भात संपतं, पेरणीचं दिवस, हातात पैसा नाही. मग सावकाराकडून एक मण आणायचा आणि सुगीला दीड-दोन मण घालायचा, हे आपल्या आज्यांनी भोगलंय. कोठीत सगळ्यांनी सुगीला थोडं थोडं घालायचं आणि अडीअडचणीला तिथून घ्यायचं. ऐकल्यासारखं वाटतंय ना? आपण दर महिन्याला शंभर-दोनशे रुपये घालून जी पेटी चालवतो, ती याचीच पुतणी.

१९४२ ला ‘चले जाव’ची हाक आली, तेव्हा कोतवाल भूमिगत झाले. त्यांनी आझाद दस्ता उभा केला. त्यात शेतकरी होते, आदिवासी होते, मास्तर होते. मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडायचं काम दस्त्यानं हाती घेतलं. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या तीन महिन्यांत कित्येक मनोरे पाडले. मुंबईतले कारखाने अडले. सरकारनं पकडून देणाऱ्याला बक्षीस लावलं. दस्ता रानारानांतून जागा बदलत राहिला आणि शेवटी मुरबाडकडच्या सिद्धगडाच्या जंगलात गेला. फितुरी झाली. २ जानेवारी १९४३ ची पहाट, थंडीचे दिवस, शेकोटी पेटलेली. पोलिसांनी वेढा घातला आणि गोळीबार केला. हिराजी गोमाजी पाटील आणि भाई कोतवाल तिथंच गेले. कोतवालांचं वय अवघं तीस. दर वर्षी २ जानेवारीला पहाटे लोक सिद्धगडाच्या पायथ्याशी जमतात, मशाली पेटवतात. जमलं तर एकदा जाऊन या.

मी गेले होते, तेव्हा एक गोष्ट मनात आली. महिनोन्‌महिने रानात फिरणाऱ्या एवढ्या पुरुषांनी खाल्लं काय? चूल पेटवली तर धूर दिसणार. म्हणजे भाकरी कुठल्या ना कुठल्या पाड्यावरून आली असणार. ती भाजणारी बाई होती, आणि रात्री अंधारात कुणीतरी ती रानात पोचवली असणार. ते पोचवणारे पाय मोळीच्या वाटेनंच गेले असतील, कारण पोलिसांना रस्ता माहीत होता, मोळीची वाट नव्हती. हुतात्म्यांच्या दगडावर दोन नावं आहेत आणि ती असायलाच हवीत. मला त्याच्या शेजारी एक भाकरीही कोरलेली बघायला आवडली असती.

तुम्ही म्हणाल, ही बाई डोंगर चढायला निघाली आणि भाकरीवर आली. पण याच वाटांवरून एक जुना झगडा चालत आलाय आणि तो अजून संपलेला नाही. इंग्रजांनी १८७८ मध्ये जंगलाचा कायदा केला आणि रान सरकारी झालं. काल जी फांदी आपली होती ती आज तोडली तर गुन्हा. आपल्याकडे भाताच्या रोपासाठी राब भाजतात. झाडाचा पाला-फांद्या, गवत, शेण वाफ्यावर पसरून पेटवायचं आणि त्या भाजलेल्या जमिनीत दाणे टाकायचे. राबासाठी फांद्या तोडायच्या की नाही यावर ठाणे-कुलाब्यात इतका असंतोष झाला, की १८८५ मध्ये सरकारला चौकशीचं कमिशन नेमावं लागलं. पुढं १९३० मध्ये उरणजवळ चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला. २५ सप्टेंबरचा दिवस. लोक कोयते-कुऱ्हाडी घेऊन आक्कादेवीच्या डोंगरावर जंगल तोडायला गेले आणि गोळीबारात माणसं मेली. आपल्याच कोकणपट्टीतली गोष्ट आहे ही, फार लांबची नाही.

स्वातंत्र्यानंतरही तो कायदा बराचसा तसाच राहिला. शेवटी २००६ मध्ये वनहक्क कायदा आला. या कायद्यात आपल्यासाठी दोन गोष्टी आहेत, त्या कान देऊन ऐका. लग्न झालेल्या जोडप्याला वनजमिनीचा हक्क मिळाला, तर तो नवरा-बायको दोघांच्या नावानं नोंदवावा लागतो. एकट्या पुरुषाच्या नावानं नाही. आणि गावाची जी वनहक्क समिती होते, तिच्यात निदान एक तृतीयांश बाया असाव्या लागतात. गौण वनउपज, म्हणजे मध, हिरडा, कंदमुळं, पाला, गोळा करायचा, वापरायचा आणि विकायचा हक्कही त्यात आहे. तुमच्या गावात असे दावे झाले असतील तर कागद बाहेर काढा आणि आपलं नाव आहे का बघा. माझ्या ओळखीच्या एका वाडीत समितीच्या कागदावर बायांची नावं बरोबर एक तृतीयांश होती. त्यातल्या दोघींना आपण समितीत आहोत हे कागद मी वाचून दाखवल्यावर कळलं.

माथेरानवर आजही मोटार जात नाही. २००३ मध्ये केंद्र सरकारनं तो भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. झाडं राहिली, हवा राहिली, हे चांगलंच झालं. मी त्याच्या विरोधात नाही. पण मोटार नाही म्हणजे ओझं नाही असं थोडंच असतं? दस्तुरी नाक्यावर गाड्या थांबतात, तिथून पुढं पाहुण्यांच्या बॅगा डोक्यावर घेऊन जाणाऱ्यांत बायाही असतात. चाकं असलेली बॅग डोक्यावर घेतलेली बाई मी पहिल्यांदा तिथं बघितली. माणसानं ओढायच्या हातरिक्षा तर परवापरवापर्यंत होत्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की माणसानं माणसाला ओढणं हे संविधानाच्या देशात शोभत नाही, सहा महिन्यांत हे बंद करा आणि त्या लोकांना ई-रिक्षा मिळतील असं बघा. मॅलेटसाहेब वर गेल्याला तोवर पावणेदोनशे वर्षं झाली होती. आणि आजूबाजूच्या वाड्यांत रस्ता नाही, म्हणून आजारी माणसाला, अडलेल्या बाईला झोळीतून खाली आणावं लागतं. वर गाडी नको म्हणणारे पाहुणे आणि खाली गाडी हवी म्हणणाऱ्या बाया यांची गाठ कधी पडत नाही.

म्हणून गेल्या मार्गशीर्षात आमच्या गटानं ठरवलं, आपण चढून जायचं. अकरा जणी. विठ्ठलवाडीहून पहाटेची कर्जत लोकल, नेरळला उतरलो, जुम्मापट्टीपर्यंत गाडीनं आणि तिथून पायवाटेनं वर. दोघीतिघींनी आयुष्यात पहिल्यांदा हात मोकळे ठेवून डोंगर चढला. त्यांना हातांचं काय करावं तेच कळेना. एक मावशी आहेत आमच्यात, साठी ओलांडलेल्या, माहेर बदलापूरच्या पलीकडचं. त्या अर्ध्या वाटेपर्यंत एक हात डोक्याकडे नेत होत्या, सवयीनं, वरचं सावरायला.

जुम्मापट्टीच्या वरच्या वळणावर एक ठाकरीण बाई मागून आली आणि सरळ पुढं निघाली. माथेरानला हॉटेलात कामाला जात होती, रोज. डोक्यावर पाटी, तीत भाजी. आम्ही बाजूला झालो. तिनं आम्हाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. म्हणाली, ‘तुम्ही कशाला चढताय?’

मी म्हटलं, ‘बघायला.’

‘काय बघायला?’

मला चटकन उत्तर सुचलं नाही. ती हसली आणि चार ढांगांत दिसेनाशी झाली.

आम्ही पॅनोरमा पॉइंटला दुपारी पोचलो. लोकांचे फोटो चालले होते. मावशी मात्र कठड्यापाशी उभ्या राहून बोटानं काहीतरी शोधत होत्या. पेब ओळखला, खाली नेरळ ओळखलं, चंदेरीही ओळखला. मग म्हणाल्या, ‘तो बघ मलंग. पण हा उलटा आहे. आपल्याकडनं दिसतो ते त्याचं तोंड, ही पाठ.’ जन्मभर पुलावरून बघितलेला डोंगर मीही पहिल्यांदा मागून बघत होते. नंतर मावशी कारवीपाशी गेल्या. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि मग वाळून जाते. ही फुलायला अजून वेळ होता. काठीची जाडी त्यांनी बोटात धरून बघितली. ‘ही कुडाला चालली असती,’ म्हणाल्या. त्यांच्या पोराच्या घराला आता विटांच्या भिंती आहेत.

उतरताना ऊन कललं होतं. गुडघे बोलायला लागले होते. जुम्मापट्टीच्या जरा वर मागून पावलं वाजली, बघते तर सकाळचीच बाई. काम उरकून घरी निघालेली, पाटी रिकामी, काखेत उपडी धरलेली. अंधाराच्या आत तिला पाणी भरायचं होतं. जवळून जाता जाता तिनं विचारलं, ‘दिसलं का?’

मावशी म्हणाल्या, ‘दिसलं की. तुझं घरही दिसलं वरून.’

‘वरून कसं दिसतं?’

मावशी म्हणाल्या, ‘तू बघितलं नाहीस कधी?’

ती थांबली नाही. वळणावरून तिचा आवाज आला, ‘उद्या बघते.’